घर मोकळं करून द्या

घर विकलं म्हणजे त्यात नेमकं काय काय विकलं जातं, हे तुम्ही कधी कुणाला विचारून पाहिलंय का? भिंती जातात, दारं-खिडक्या जातात, वरचं माळवद आणि खालची जमीन जाते. पण त्या घरात वर्षानुवर्षं चूल पेटवणारी भाडेकरू बाई विकली जाते, की मागे उरते? नांदुऱ्याच्या सोजराबाईवर हे विचारण्याची वेळ भर कापसाच्या हंगामात आली.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती आणि वऱ्हाडाचा कारभार अजून नागपुरातून चालत होता. स्टेशनाकडून पेठेत येणाऱ्या गल्लीत भगवंतरावांचं एक जुनं माळवदाचं घर होतं, एकच मोठी खोली आणि मागे पडवी. सोजराबाईचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता, तेव्हापासून ती तिथे भाड्याने राहत होती. नवरा गेल्यावर तिने स्टेशनावरच्या हमालांना ज्वारीच्या भाकरी करून द्यायला सुरुवात केली, आणि त्यावर तिचं भाडं कधी एक दिवसही चुकलं नव्हतं. खोलीच्या मधोमध सागाचा एक खांब होता आणि माळवदाची मोठी तुळई त्याच्यावर टेकलेली होती. त्या खांबाला वाळवी लागली होती. दर दिवाळीला ती भगवंतरावांना सांगायची, "मालक, मधला खांब पोकळ झाला," आणि दर दिवाळीला भगवंतराव म्हणायचे, "पुढच्या साली पाहू." भाडं मात्र पुढच्या सालावर कधी गेलं नाही. सोजराबाई हसून मान हलवायची आणि आलेला राग गिळून टाकायची. तिला तसंच शिकवलेलं होतं.

त्या दिवशी ती तव्यावर भाकरी टाकत असताना भगवंतराव जोड्यांसकट आत आले. बरोबर देऊळगाव राजाचा एक व्यापारी होता, रंगराव नावाचा. त्याला तिथे दुकान काढायचं होतं. तिच्याकडे न पाहता त्याने भिंती चाचपल्या, मधल्या खांबावर बोटाने टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"हा तर बोलून राह्यला," तो हसून म्हणाला.

"सोजराबाई," भगवंतराव म्हणाले, "घर मोकळं करून द्या. सौदा झाला."

"अन् मी कुठं जाऊ, मालक?"

"ते मले काऊन विचारता? घर माहं हाय, मी विकून राह्यलो."

तव्यावरची भाकरी करपली. इतक्या वर्षांत तिची भाकरी पहिल्यांदाच करपली होती.

समोरच्या घरात ताहेरा राहत असे. तिचा नवरा अब्दुल गनी मलकापूरच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देत असे. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"घर विकलं तरी भाडेकरू निघत नाही, मावशी," तो म्हणाला. "नवा मालक जुन्याच्या जागी उभा राह्यते, बस. तुमी हाय तिथंच. रेंट कंट्रोलर साहेबाच्या परवानगीबिगर तुमाले कोणी नोटीसबी देऊ शकत नाही."

"म्हंजे मले कोणी हलवू शकत नाही?"

"कायद्यानं नाही. पण घरच पडलं, तर राह्यान कुठं? दुरुस्तीच्या नावानं त्यायनं खांब काढला अन् माळवद खाली आलं, का मंग अर्ज घेऊन फिरत बसा. मी उद्याच अर्ज टाकतो. पण तारीख लागेपर्यंत घराबाहेर जास्त पडू नोका."

सोजराबाईने मान हलवली. घराबाहेर पडू नका, हे तो सहज बोलून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून पीठ घेऊन आली, तर झाकून ठेवलेल्या भाकरींच्या टोपलीवर मातीचा थर पडलेला. तिने टोपली झटकली आणि वर पाहिलं. वर काही हलत नव्हतं.

"मावशी, एक सांगू?" ताहेरा दारात येऊन म्हणाली. "तुमी बाहेर गेल्या का तुमच्या घरात माती गळते. ओट्यावरून मले दिसते. अन् तुमी आल्या का बंद."

"अवो, उंदरं असतीन."

"उंदरं काय तुमाले वळखतात, मावशी?"

दोघी हसल्या. ताहेरा गेल्यावर मात्र सोजराबाई उंबरठ्यापाशी उभी राहिली. तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. मागे तुळई करकरली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी, आणि वरून मातीची बारीक धार सुरू झाली. ती आत आली. धार थांबली.

तिने कंदील उंच धरून मधला खांब वरपर्यंत पाहिला. खांबाचं टोक आणि तुळई यांच्या मध्ये फट होती. पेटीवर चढून तिने भाजी चिरायची सुरी त्या फटीत घातली, ती या बाजूने त्या बाजूला सहज निघाली. खांब तुळईला टेकलेलाच नव्हता, आणि कधीपासून टेकलेला नव्हता कोण जाणे. फटीत कोळ्याची जुनी, धुळीने काळी झालेली जाळी होती.

मग माळवद कशावर उभं होतं?

ती तिथेच खांबाला लागून उभी राहिली, आणि तिच्या टाचांमध्ये ते तिला जाणवलं. ते दुखणं नव्हतं, नुसतं वजन होतं, शांत आणि जुनं, इतकं सवयीचं की आजवर त्याच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. नवरा म्हणायचा, ओझं खांद्यानं नाही पेलत सोजरा, टाचेनं पेलते. खांदा नुसता दाखवाले असते.

सकाळी पाय धुताना तिला उजव्या टाचेवरून घोट्याकडे चढत गेलेली मातीची एक बारीक, वाळलेली रेघ दिसली. वाळवी खांबावर चढताना घालते तशी. तिने ती पदराने पुसली. खाली कातडी नेहमीसारखीच होती. तिने टाचेवर बोटाने टकटक केलं आणि ऐकलं. आवाज मधल्या खांबासारखाच आला.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. गिळलेला एकेक राग तिला आता नीट आठवला, एकेका दिवाळीचा, एकेका हसून हलवलेल्या मानेचा. ते सगळे राग टाचांत उतरले होते, हेही तिला कळलं. जे छप्पर ती स्वतः पेलून उभी होती, त्याच छपराचं भाडं या माणसाने तिच्याकडून घेतलं होतं, वर जोड्यांसकट तिच्या चुलीपर्यंत येऊन तिला बाहेर हो म्हणाला होता. भाडं खरं कुणी कुणाला द्यायचं होतं?

आठवडाभर ती बाहेर गेली नाही. पाणी ताहेरा आणून देई, भाकरी हमाल दारातून घेऊन जात. अब्दुल गनीने अर्ज टाकला, तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. ती तारीख ऐकून एका संध्याकाळी भगवंतराव आणि रंगराव दारात आले.

"उद्या सकाळी सुतार आणतो," भगवंतराव म्हणाले. "खांब काढून दुरुस्ती करतो. त्याले तुमचा कंट्रोलर नाही म्हणत नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो, सामान उचला."

"मालक," सोजराबाई म्हणाली, "मी या घरातून बाहेर गेली, का माळवद राह्यत नाही. खोटं नाही सांगत."

रंगराव मोठ्याने हसला. "ऐका भगवंतराव! बाईनं माळवद डोक्यावर धरलं म्हणते! मंग घराची किंमत कमी करा, खांब तर तिच्यासंग जाते."

भगवंतरावांनाही हसू आवरेना. "बरं बरं. आमचं माळवद आमी पाहून घेऊ. तुमी सोडा."

"एकडाव नीट सांगा मालक, मी काय करू?"

"किती डाव सांगू? घर मोकळं करून द्या!"

"बरं," ती म्हणाली, आणि या वेळी तिने मान हलवली नाही. ते गेल्यावर तिने चूल विझवली, राख भरली, आणि तवा, परात, नवऱ्याची हमालीची चुंबळ असं सगळं ताहेराला बोलावून एकेक करून तिच्या घरी न्यायला सांगितलं. ताहेराने विचारलं, "मावशी, हरल्या का तुमी?" सोजराबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात ताहेराला फार जड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव आणि रंगराव मधला खांब पाहायला आत गेले. सोजराबाईने सुताराला पाणी प्यायला समोरच्या ओट्यावर पाठवलं, पदर नीट डोक्यावर घेतला, आणि उंबरठा ओलांडून ती बाहेर आली. मागे तुळई करकरली, आणि या वेळी टाचांतलं ते जुनं वजन तिने सोडून दिलं.