सात म्हणजे सातच

भात संशोधन केंद्रातल्या तांबड्या वाफ्याची नोंद ठेवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. त्या वाफ्यात लोह इतकं, की पाण्यावर कायम गंजाचा तेलकट तवंग. लेचापेचा वाण असेल, तर पानं शेंड्याकडून तांबूस पडत आणि करपत. चाळीस वाण तिथं लावायचे आणि कोण तग धरतं ते बघायचं. हिरव्यागार पानांना एक गुण, पार करपलेल्यांना नऊ. बावीस वर्षं चिखलात उभं राहून ताई हेच आकडे लिहीत होती.

यंदाचा सतरा नंबरचा वाण खुद्द मोठ्या साहेबांनी तयार केलेला. ताईनं त्याला सात दिले.

"तीन करा," साहेब वही पुढे सरकवत म्हणाले. "पुढच्या महिन्यात बियाणं वाटायचंय."

"पानं सात म्हणतायत, साहेब."

"दहावी नापास बाई मला शिकवणार?"

"पानांनी कुठं माझं प्रगतिपुस्तक बघितलंय?"

बोलून गेली आणि वही मिटून निघाली. घरी नवरा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"त्या पाण्यात मासा जगतच नाही," ती फणकारली. तिच्या धाकट्या भावाचं शेत अस्सं तांबडंच होतं. तीन लिहिलं, की हेच बियाणं त्याच्या शेतात पडणार.

सकाळी बियाणं वाटपाची बैठक भरली होती. ताई चिखलाच्या पायांनी तशीच आत शिरली.

"वाफ्यातल्या नंबरच्या पाट्या झाकल्यात मी. चला, तुम्हीच गुण द्या. माझा आकडा चुकला, तर आजच घरी जाते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. पण मातीतज्ज्ञ बाई उठल्या, चपला काढल्या आणि चालू लागल्या. मग बाकीच्यांना बसून राहवेना. साहेबांनाही चिखलात उतरावं लागलं.

सतराव्या वाणाला बैठकीतल्या दोघांनी सात दिले, मातीतज्ज्ञ बाईंनीही सात. साहेबांनी दिले नऊ.

पाटी उघडली तेव्हा कोणी हसलं नाही. बियाणं वाटप थांबलं.

पंधरा दिवसांत ताईची बदली गोदामात झाली. तिनं आदेश घेतला आणि अर्ज दिला: बदलीचं कारण लेखी कळवावं. उत्तर नाही. दर सोमवारी ती तोच अर्ज नव्यानं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवू लागली, तोही सगळ्यांसमोर.

सहाव्या सोमवारी साहेबांनी मान वर न करता बदली रद्द केल्याचा कागद सरकवला.

"यावर तारीख नाही," ताई म्हणाली, आणि साहेबांनी ती घालेपर्यंत जागची हलली नाही.