सतरा नंबरचा झगा

इस्पितळातून आलेलं मळक्या कपड्यांचं गाठोडं सोडून मावशींनी सतरा नंबरचा झगा उचलला आणि खिशात हात घातला. खिसे तपासल्याशिवाय कपडा टाकीत टाकायचा नाही, अशी लाँड्रीची शिस्त होती. मागे एकदा जांभळ्या औषधाची पुडी नजरेतून सुटली आणि अख्ख्या वॉर्डाच्या चादरी रंगून निघाल्या. तेव्हापासून मावशी डोळ्यांत तेल घालून खिसे बघत.

आज हाताला घडी घातलेला कागद लागला. त्यांनी तो उघडून वाचला.

‘बाळ, तुझ्या तिन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. मला ने, असं म्हणतेस, पण मी तुझी आई नाही. या खाटेवर मी नवीन आहे.’

चिठ्ठ्या लिहिणारी पोर समोरच पालथ्या बादलीवर उभी राहून धुतलेल्या झग्यांच्या घड्या घालत होती. नऊ वर्षांची, मालकाची भाची. प्रत्येक झग्यावर खाटेचा नंबर शिवलेला असे आणि झगा त्याच खाटेवर परत जाई. आई सतरा नंबरला होती तेव्हा मामाने हिला ‘चार दिवसांसाठी’ आणलं होतं. आई जाऊन आता महिना झाला. पोरीला सांगायचं नाही, अशी मामाची सक्त ताकीद होती. रडत बसली तर घड्या कोण घालणार? सोड्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, दंडावर मामीच्या चिमट्यांचे वळ होते. मावशी सगळं बघत होत्या आणि नोकरीपायी मूग गिळून बसल्या होत्या. स्वतःची लाज वाटायची त्यांना, पण नुसत्या लाजेने काय होतंय!

“माझी चिठ्ठी आहे ती,” पोर बादलीवरून उतरली. “मला जोडाक्षरं येत नाहीत. वाचा ना.”

मावशींनी कागद मुठीत दाबला.

“तुझी आई म्हणतेय, आता बरं आहे. येईन म्हणते, थोड्या दिवसांनी...”

“थापा नका मारू, मावशी. आई गेली. मामी भांडताना बोलली, कधीच.”

मावशींनी मूठ सैल केली.

“मग चिठ्ठ्या कुणाला लिहीत होतीस गं?”

“खाट आहे ना तिथं. कुणीतरी बाई येणारच तिच्यावर.”

“अगं, पण ‘आई’ कशाला लिहायचं?”

पोरीने भेगाळलेला अंगठा फ्रॉकला पुसला.

“नुसतं ‘बाई’ लिहिलं असतं तर वाचलं असतं का त्यांनी?”

आतल्या खोलीतून मामाची हाक आली. पोर दचकली. घाईघाईने बादलीवर चढली, पुढचा झगा ओढला आणि आवाज खाली आणून म्हणाली,

“सगळं नका वाचू. मला नेणार का, तेवढंच सांगा.”

मावशींनी कागद उलगडला. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांनी तो उलटा करून पाहिला. मागे औषधाचं नाव छापलेलं होतं, आणि ते कधी घ्यायचं ते.