बाबांनी जोडलेली बॅटरी

माझा स्वभाव तापट. बाबांनी उभं केलेलं गॅरेज आता मी चालवते, आणि माझ्या हातात पक्कड असली की कुणी फारसं बोलायला येत नाही. पण बाबांवर मी कधी आवाज चढवला नव्हता, आणि चढवला नाही हेच चुकलं.

बाबांची गाडी त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. हँडल मारून सुरू करायची. दोन वर्षांपूर्वी इंजिनाने झटका दिला, हँडल उलटं फिरलं आणि बाबांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण ताकद काही परत आली नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली. रोज सकाळी बाबा ताडपत्री काढायचे, टपावरची नसलेली धूळ पुसायचे आणि पुन्हा ताडपत्री ओढायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना, त्यांनी ती पुन्हा स्वतः चालवावी, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन मी भंगारवाल्याकडून आणलं. कार्बोरेटर नाही, चोक नाही, हँडल तर नाहीच. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणार.

"हिच्या पोटात कॉम्प्युटर?" बाबा म्हणाले. "म्हणजे आता हीच मला चालवणार!"

तोंडाने कुरकुर, पण रोज स्टूल ओढून माझ्या शेजारी हजर. नव्या गाडीचा वायरींचा जुडगा मी लांब टेबलावर पसरला आणि नको असलेल्या वायरी एकेक करून सोडवल्या. दरवाजांच्या कुलपांची, काचांची, आरशांची. उरलेल्या वायरींना बाबा चिठ्ठ्या चिकटवत होते.

"एवढं जंजाळ? आमच्या वेळी अख्ख्या गाडीत वीसेक वायरी असायच्या."

"म्हणून तर दर सहलीला आम्ही ढकलायला."

एक गोष्ट मात्र मुळापासून बदलावी लागली. या जुन्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं होतं, आणि आताच्या गाड्यांत मायनस असतं. मी सगळं फिरवून घेतलं. बाबांना दाखवलं. त्यांनी मानही हलवली.

शनिवारी सकाळी मी पेट्रोलचा पाइप आणायला गेले. अर्ध्या तासाने परतले तर गॅरेजमध्ये जळका वास. बाबा स्टुलावर, हातात फडकं.

"काहीतरी जळलं गं," ते म्हणाले.

बॉनेटखाली डोकावले आणि कळलंच. बॉडीला बांधलेली काळी केबल बॅटरीच्या प्लसवर बसवलेली होती. प्लसचं टोक जाड असतं, काळ्या केबलचा क्लॅम्प त्यावर बसत नाही. तो स्क्रूड्रायव्हरने फाकवून, वरून ठोकून बसवला होता. पन्नास वर्षांची सवय, हात आपोआप तिकडे गेला असणार. कॉम्प्युटर गेला होता. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. पण बाबांचा चेहरा एवढासा झाला होता.

"भंगारवाल्याने कॉम्प्युटरच खराब दिला," मी म्हटलं. "बघते मी त्याच्याकडे."

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फडक्याची घडी घातली, खिळ्याला अडकवली आणि घरी निघून गेले.

त्यानंतर चार दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. बुधवारी दुसरा कॉम्प्युटर मिळाला, म्हणून मी उड्या मारत घरी सांगायला गेले. बाबा पेपरमागून म्हणाले, "विकून टाक ती गाडी." आणि पान उलटलं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती.

"काय बोललीस गं तू त्यांना?"

"काहीच नाही बोलले!"

"तेच तर. एकोणीस वर्षांची असताना गिऱ्हाइकाच्या गाडीची वायरिंग जाळलीस, तेव्हा चारचौघांत काय झापलं होतं तुला!"

"आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर परत मलाच बसवलं."

"मग? ते म्हणतात, पोरीने मला मोडीत काढलं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. बाबांची पद्धतच ती. ज्याची चूक त्याला तोंडावर सांगायची आणि ते काम त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचं. ज्याला ते काही बोलायचे नाहीत, तो माणूस त्यांच्या लेखी कामातून गेलेला असायचा.

बाहेर आले. थेट बाबांच्या पेपरसमोर उभी राहिले.

"बाबा, बॅटरी तुम्ही उलटी जोडलीत."

पेपर खाली आला.

"दाखवलं होतं ना मी? मान हलवली होती ना तुम्ही? आणि क्लॅम्प बसत नाही म्हटल्यावर ठोकायचा कशाला? बसत नसेल तर थांब आणि बघ, हे मला कुणी शिकवलं? महिनाभर राबलो आपण, आणि तुम्ही एका मिनिटात वाट लावलीत!" आवाज चढला, मग मध्येच फाटला. मला रडू येत होतं, तरी मी थांबले नाही. "उद्या नऊला या. तुम्हीच जोडायची. मी बोटही लावणार नाही."

बाबांनी पेपरची घडी घातली.

"साडेआठला येतो," ते म्हणाले. "आणि क्लॅम्प नवा आण. तो मी वाकवलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी केबल हातात घेतली, थांबले, पाहिलं. काळी मायनसला. नट आवळताना मनगट कापत होतं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. पाना माझ्या हातात दिला नाही त्यांनी, मीही मागितला नाही.

मग सीटवर बसून किल्ली फिरवली. इंजिन इतक्या अलगद सुरू झालं की बाबांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि स्टार्टर कर्रकन किंचाळला.

"चालू आहे बाबा! चालू आहे ती!"

"अगं, ही तर बोलतच नाही," ते म्हणाले आणि हसायला लागले.

आता गाडी बघायला कुणी आलं की बाबा स्वतः बॉनेट उघडतात आणि कॉम्प्युटर दाखवतात. "हा दुसरा. पहिला मी जाळला. बॅटरी उलटी जोडली." मग माझ्याकडे बोट. "हिने काय झापलंय मला, विचारू नका!" हे सांगताना त्यांची छाती फुगलेली असते. मी पाठ करून कुठला तरी घट्ट असलेलाच नट आवळत राहते, कारण माझे डोळे भरून आलेले असतात.