टेलाचं शेत

शिट्टी वाजली तेव्हा सहादेव दोरी ओलांडून दगडी फरशीवर पालथा पडला होता आणि फरशीच्या भोकात त्याने करंगळी घातली होती.

सिगिरियाच्या पायथ्याची ती जुनी राजबाग. तिथली कारंजी दीड हजार वर्षांपूर्वीची. मोठ्या पावसात ती अजूनही उडतात, असं गाईड हिंदीत सांगून पुढे गेला होता. सहलीतले बाकीचे सगळे समोरच्या अजस्र खडकाकडे माना करून फोटो काढत होते. सहादेवच्या कानात मात्र एवढंच राहिलं होतं, की पाणी अजून चालतं.

रखवालदार धावत आला. सहादेव सावकाश उठला, टोपी झटकली आणि त्याला मराठीतच सांगितलं,

"ह्ये भोक तुंबलंय. पानं आडकलीत."

पुष्पावतीने पदर तोंडाशी नेला. लाजेने की रागाने, हे सुनेला कळलं नाही.

सून ज्योती सोनईजवळच्या शाळेत शिक्षिका होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांची सहल श्रीलंकेला निघाली, तेव्हा तिने सासू-सासऱ्यांचीही नावं घातली. गोठ्यावर तिचा नवरा आदिनाथ थांबला. गावात थट्टा झालीच, की कुणी पळवून न नेता आपल्या पायांनी लंकेला निघालेली पहिली बाई म्हणजे पुष्पावती. ही थट्टा पुष्पावतीने स्वतःच चार घरी जाऊन सांगितली. पण विमानात पट्टा बांधताना तिने नवऱ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. सात दिवस पाण्याचं नाव काढायचं नाही, आणि तो खडक दोघांनी मिळून चढायचा.

सहादेव मुळा कालव्यावर एकतीस वर्षं पाटकरी होता. चारीची दारं उघडायची, पाळीप्रमाणे एकेका शेताला पाणी द्यायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. टेलाच्या, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या शेतात पाणी पोचेपर्यंत तो जागचा हलत नसे. दारावर उभा राहून डोळ्यांवर आडवा हात धरायचा आणि टेलाकडे बघत राहायचा. त्यापायी पुष्पावतीच्या भावाच्या लग्नात तो अक्षता पडून गेल्यावर पोचला. लेकीच्या साखरपुड्यात कालवा फुटल्याचा निरोप आला, तेव्हा भरल्या ताटावरून उठला. आम्ही दोघं मिळून अमक्या ठिकाणी गेलो होतो, असं सांगायला तिच्याकडे एका गावाचंही नाव नव्हतं.

रखवालदार आधी रागावला, मग वाकून त्याने भोकात पाहिलं, आणि हसला. काडीने त्याने स्वतःच पानं उकरून काढली. मग गाईडला बोलावून काहीतरी सांगितलं. गाईडने ते हिंदीत सांगितलं. रखवालदाराचं भाताचं शेत इथल्याच तळ्याखाली होतं. आज तळ्याचं दार उघडणार होतं, त्याची ड्युटीही संपत आली होती. या बाबांना बघायचं असेल, तर तो घेऊन जाईल.

सहादेवने बायकोकडे पाहिलं. साखरपुड्याच्या पंगतीतून उठताना पाहिलं होतं, अगदी तसंच.

"जावा," ती म्हणाली. "मी चढते."

"गुडघंबी जरा धरल्यात गं."

"गुडघ्यावर ढकलू नगा."

त्याने हातातली पाण्याची बाटली तिच्या पिशवीत घातली आणि तो रखवालदारामागे निघाला. चाल अशी, की गुडघ्यांचं खोटं पन्नास पावलांतच उघडं पडलं.

पुष्पावती रागातच चढू लागली. रागामुळे पहिल्या तीनशे पायऱ्या कशा गेल्या ते कळलं नाही. शिक्षक मंडळी धापा टाकत मागे राहिली. कपारीत भिंतीवर रंगवलेल्या बायका होत्या, हातात फुलं घेतलेल्या. तिथे फोटोला मनाई होती, म्हणून तिने एकेकीला नीट बघून घेतलं. एकीची नथ कुठे गेली, म्हणून ज्योतीला विचारलं. पुढे गांधीलमाश्यांची पोळी होती. आवाज करू नका, अशी पाटी होती. त्याहून वर दगडी सिंहाचे दोन पंजे होते. त्यातल्या एका नखाशी उभी राहून तिने हसतमुखाने फोटो काढून घेतला. राग कुठल्या पायरीवर गळून पडला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

माथ्यावर वारा होता. चारी बाजूंनी रान, रानाला कुठे शेवट नाही. खाली तळं ताटाएवढं दिसत होतं. तळ्याच्या कडेला माणसांचे ठिपके, आणि तिथून निघालेली पाण्याची एक चकाकती रेघ. बघता बघता रेघेला फाटे फुटले. एक खाचर चमकलं, मग त्याखालचं, मग आणखी एक.

ज्योतीने मोबाईलवर फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. चित्र जरा विस्कटलं, पण पांढरी टोपी ओळखू आली.

"आत्या, मामा बघा."

पुष्पावतीने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. दाराशी सातआठ जण होते, सगळे पाण्यावर वाकलेले. टोपीवाला एकटाच त्यांच्यात उलटा उभा होता. पाण्याकडे त्याची पाठ होती. डोळ्यांवर आडवा हात धरून तो खडकाकडे वर बघत होता.

तिने मोबाईल परत दिला. कठड्याशी गेली, खोचलेला पदर सोडला आणि त्याचं टोक वाऱ्यावर उंच धरलं. हिरवा पदर फडफडू लागला.

"इतक्या लांबून त्यांना नाही दिसायचं, आत्या."

"दिसंल," पुष्पावती म्हणाली. "टेलाचं शेत त्यांना कायम दिसायचं."