जयगडच्या खाडीची तसबीर

शके १८५३ च्या पौषात, रत्नागिरीनजीक जयगड मुक्कामी, छायाचित्रकार त्र्यंबकराव आपल्या दिवंगत पत्नीच्या, सगुणेच्या माहेरी उतरले होते. तिने वर्णिलेली, गलबतांनी गजबजलेली खाडी त्यांना टिपून न्यायची होती. पण अवेळी लागलेली पावसाची भुरभुर थांबेना, आणि छायाचित्राच्या काचांपैकी ओलीने एकच धड उरली. अखेर त्या अंधुक उजेडात त्यांनी कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवले. तेवढ्यात गलबते हलली, खलाशी हलले, लाटा तर हलतच होत्या. त्यामुळे काचेवर उमटले ते नुसते पांढरे पाणी आणि रिकामा किनारा.

तसबीर छापून त्यांनी सासूबाईंपुढे धरली. "सगुणा सांगायची ती हीच ना?"

गोदूबाईंनी ती कंदिलाजवळ नेऊन पुष्कळ वेळ न्याहाळली.

"नाही हो, जावईबापू. ही आमची खाडी नव्हे."