रोपांचे पांघरूण

मी एक जुनी गोणी आहे. मित्रांनो, नेरूळच्या या बैठ्या घरात शिरताना तुम्ही रोज माझ्यावर चपला घासता. तुम्हाला वाटत असेल, ही जन्मापासून पायपुसणेच आहे. तसे नाही. खरे तर आता बोलायचाही कंटाळा येतो; पण आलाच आहात तर ऐका.

माझा जन्म बंगालमधल्या एका ताग गिरणीतला. पोटात शेंगदाण्याची पेंड भरून घेऊन मी निफाडकडच्या एका खेड्यात आले. पेंड संपल्यावर अडगळीतच गेले असते, पण चांगुणाबाईंनी माझी शिवण उसवली, मला अंगणात पसरले आणि म्हणाल्या, "ही माझ्या रोपांना."

त्या गावची थंडी मोठी फसवी. संक्रांत झाली, ऊन तापायला लागले, लोकांनी स्वेटर पेटीत टाकले, की नेमकी एखाद्या रात्री ती परत यायची. सकाळी वाफ्यावर दहिवर गोठलेले असायचे आणि टोमॅटोची कोवळी रोपे दुपारपर्यंत भाजल्यासारखी काळी पडायची. म्हणून दिवस मावळायला लागला की चांगुणाबाई वाफ्यात काटक्या रोवून त्यांवर मला पांघरायच्या. उजाडेपर्यंत मी पापडासारखी कडक व्हायचे, पण खालची रोपे हिरवीगार राहायची. शेजारणी म्हणायच्या, "चांगुणाबाईंची गोणी म्हणजे घरातलं माणूसच." तेव्हा मी फुलून जायचे. आता ते आठवले की नुसती पाठ दुखते.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग चांगुणाबाईंचे मालक वारले. शेत दिरांनी करायला घेतले आणि भाजीचे वाफे मोडून तिथे द्राक्षे लावली. मुलगा श्यामसुंदर बेलापूर पट्टीतल्या एका कारखान्यात होता. शहाऐंशी साली त्याने आईला इकडे आणले. येताना त्यांनी भांडी माझ्यात गुंडाळली आणि एका चिंधीत आपल्या टोमॅटोचे चिमूटभर बी बांधून घेतले. गावात ते बी दुसऱ्या कुणाकडे राहिले नव्हते. ते इथे रुजले नाही, तर त्यांच्या शेतातले काहीच मागे उरणार नव्हते.

घरामागे थोडी माती होती. रोपे छान वर आली. माघ लागला आणि पहिल्याच संध्याकाळी चांगुणाबाईंनी मला बाहेर काढले. मी निमूटपणे पांघरून पडले. माझे कामच ते.

मित्रांनो, इथे कसली थंडी! खाडीची दमट हवा माझ्याखाली कोंडायची. माझ्या धाग्यांतून पाणी टपटप रोपांवर पडायचे. आठवडाभरात रोपांची देठे मातीलगत कुजली आणि एकेक रोप आडवे व्हायला लागले. चांगुणाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "थंडी लागली गं बायांनो तुम्हाला!" आणि त्यांनी मला दुहेरी केले. पुढे सकाळीही काढीनाशा झाल्या. माझ्याखाली काय चालले होते ते मला कळत होते, पण उसवलेल्या गोणीला तोंड कुठे असते? जिने आयुष्यभर रोपे वाचवली, तीच मी आता त्यांना मारत होते. त्या दिवसांत मला फार थकवा आला. तो अजून गेलेला नाही.

घरातही तसेच चालले होते. श्यामसुंदर आईला जिवापाड जपायचा. "आई, वारा लागेल," म्हणत खिडक्या लावायचा, स्वेटर चढवायचा, कानांना मफलर गुंडाळायचा. "एकटी बाहेर जाऊ नकोस, इथली वाहनं बघितलीस ना?" असे बजावून कामावर जायचा. चांगुणाबाई दिवसभर बंद घरात बसून असायच्या. त्यांचे जेवण तुटले होते. श्यामसुंदरला वाटायचे, आईला इथली हवा बाधली. मग तो आणखी एक खिडकी लावायचा.

शेजारच्या शिरवणे गावच्या शेवंताबाई पाटीतून भाजी विकायला यायच्या. ही घरे उभी राहण्याआधी इथे त्यांची भाताची खाचरे होती. एकदा त्या मला बघून थबकल्या.

"अगो बाय, ही गोनी कशाला घातलीस? हितं थंडी कुठं हाय?"

"माघाची थंडी फसवी असते, बाई," चांगुणाबाई तुटकपणे म्हणाल्या. "तुम्हाला नाही कळायचं."

शेवंताबाई पाटी उचलून निघून गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा वाफ्यात एकच रोप उभे होते, तेही मान टाकून.  या वेळी त्यांनी पाटी खाली ठेवली, माझी कड उचलली आणि चांगुणाबाईंचा हात धरून आत घातला.

"बघ जरा."

चांगुणाबाईंचा हात आत तसाच राहिला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "किती उकडतंय माझ्या रोपाला." आणि तिथेच मातीत बसून रडल्या.

"रडू नको," शेवंताबाई म्हणाल्या. "हितं दुपारचं ऊन मारतंय. गोनी तवा बांध, उंचावर. रातीला उघडंच र्‍हाऊ दे."

त्या संध्याकाळी चांगुणाबाई मला हातात घेऊन कितीदा तरी दाराशी आल्या आणि परत फिरल्या. आयुष्यभराची सवय ती. पण रोप रात्रभर उघडेच राहिले, आणि सकाळी त्याने मान वर केली होती.

श्यामसुंदर कामावरून आला आणि सवयीने खिडकीकडे वळला. चांगुणाबाईंनी त्याचा हात धरला, स्वेटरच्या आत आपल्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ जरा." पाठ घामाने निथळत होती.  त्याने आईचा मफलर सोडला आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

त्या एका रोपाला भरपूर टोमॅटो लागले. बी चिंधीत बांधून चांगुणाबाई एकट्याच चालत शिरवण्याला शेवंताबाईंकडे देऊन आल्या. पुढे वाफ्यावर सावलीसाठी हिरवी जाळी आली आणि मी पायपुसणे होऊन दारात आले. माझी तक्रार नाही.

एवढेच सांगते, मित्रांनो. ज्याला जपायचे त्याच्यावर काही पांघरण्याआधी, एकदा आत हात घालून बघा. आणि जाता जाता मलाही हात लावून बघा. पावसाळ्यापासून मी ओलीच आहे. कुणीतरी मला उन्हात टाका.