ढगी सशासारखी पळते

आमच्या दादाला वाटतं, देवाने अक्कल वाटली तेव्हा रांगेत तो एकटाच उभा होता. नाहीतर सख्ख्या बहिणीला तिच्याच एक्स-रेच्या खोलीत शेंडी लावायला कोण येतं?

कुत्र्यांच्या दवाखान्यात एक्स-रे मी काढते. दादा कुत्री पाळतो, पिल्लं विकतो. त्याची ढगी पांढरीशुभ्र, थोराड अंगाची. तिला पुन्हा मेटिंगला द्यायचं होतं. पण खुब्याच्या सांध्याचा दोष आईकडून पिल्लांत उतरतो, म्हणून गिऱ्हाइकं आता आईचा दाखला मागतात. त्यासाठी हा एक्स-रे.

दादा पांढरी कुत्री घेऊन पायऱ्या चढला. कुत्री एकेक पाय टाकत, शहाण्यासारखी वर आली. तिथेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढगी जन्मात अशी चढली नाही. ती मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारते. घरात सगळे त्यावर लट्टू. वहिनी तर येईल-जाईल त्याला तो व्हिडिओ दाखवते, पिल्लं त्याच्यावरच खपतात.

"ही ढगी नाही," मी म्हटलं.

दादा गालात हसला. म्हणाला, ही मित्राची, सांधे ठणठणीत, फोटोत कुणाला कळतंय. कुत्री तीच ना, हे बघायला दवाखान्यात मानेतली ओळखीची चिप वाचतात, म्हणून खरी ढगीही आणली होती. ते काम बाहेर गाडीपाशीच उरकलं आणि आत येताना कुत्री बदलली. हे सगळं तोंड वर करून सांगत होता, निर्लज्ज.

मी त्याच्या हातातून किल्ली घेतली, मित्राची कुत्री गाडीत बसवली आणि ढगीला आणलं. ती टुणटुण उड्या मारत पायऱ्या चढली. बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्या विरघळल्याच. किती गोड पळते हो, म्हणाल्या. दादा लगेच दुकानदार झाला. "हिची पिल्लंही अगदी अशीच पळतात," तो म्हणाला आणि त्यांच्या हातात कार्ड ठेवलं.

डॉक्टरांनी गुंगी दिली. मी ढगीला उताणं निजवलं, मागचे पाय सरळ ओढले, गुडघे आत वळवले. फोटो आला. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसायला हवा. ढगीचे दोन्ही गोळे अर्धे बाहेर, आणि खोबण्या बशीसारख्या उथळ.

"पण पळते की ती," दादा म्हणाला.

"एका पायावर भार सोसत नाही, म्हणून दोन्ही एकदम टाकते. दुखतं तिला, दादा. आणि तुम्ही व्हिडिओ काढता."

मग लाडीगोडी सुरू झाली. घरातली गोष्ट आहे, एवढ्या वेळी सांभाळून घे, त्या मित्राच्या कुत्रीचा फोटो काढून डॉक्टरांना तो दाखव. माझा हात शिवशिवत होता, पण मध्ये ढगी निजली होती. शेवटी तो म्हणाला, "पिल्लांत उतरेलच असं कुठं आहे?"

"उतरलंय. आत्ताच बाहेर त्या बाईंना तूच सांगितलंस."

त्याचा चेहरा खाडकन उतरला. मी म्हटलं, जा, कार्ड परत घे त्यांच्याकडून. तो जागचा हलला नाही. ढगीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

मग मीच दार उघडलं आणि त्या बाईंना फोटो बघायला आत बोलावलं.